माझ्या नावावर विलासचं रक्त

मी खामगावात एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्यात, ग्रेडर आहे. सत्तावीस वर्षं झाली. कापसाची गाडी फाटकातून आत आली की तिचा दर्जा मी सांगायचा, मग बाकीच्यांनी पुढचं पाहायचं. लोकांना वाटतं, कापूस पाहून कळतो. पाहून काहीच कळत नाही. वर पांढराशुभ्र पसरलेला असतो, कारण तो दाखवायचाच असतो. मी बाही वर करतो, हात काखेपर्यंत गाडीच्या पोटात खुपसतो आणि आतला मूठभर कापूस ओढून काढतो. मग कधी तो ओलसर लागतो, कधी पिवळी कवडी, म्हणजे किडका कापूस, निघते, कधी वजनासाठी मारलेल्या पाण्याचा वास येतो. गाडीवाला तोवर शपथा घेत असतो. मी त्याच्या तोंडाकडे पाहत नाही.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जे केलं ते याच सवयीने केलं. मला हृदयविकाराचा झटका आला, त्यातून मी वाचलो, आणि हे लिहायला बसलो ते माझ्यासारख्या शंकेखोर माणसांसाठी. भोळ्या माणसांसाठी लिहिणारे पुष्कळ आहेत.

लाल अक्षरातला आकडा

दिवाळीनंतर हंगाम भरात आला होता. ट्रॉलीवर चढताना माझा डावा जबडा दुखायचा. खाली उतरून पाच मिनिटं उभं राहिलं की थांबायचा. मी दाढेवर संशय घेतला आणि लवंग चघळत राहिलो. पण शोभाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, लक्ष होतं. घरापासून चौकापर्यंत जाताना मी दोनदा थांबतो आणि थांबलो की मोबाईल काढून पाहिल्यासारखं करतो, हे तिने हेरलं. एका सकाळी तिने मला जवळजवळ ढकलतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाई तरुण होत्या. कार्डिओग्राम काढला, तो ठीक निघाला. कोलेस्टेरॉल तपासलं, तेही ठीक. मी उठायलाच लागलो होतो. तेवढ्यात त्यांनी चिठ्ठीवर आणखी एक तपासणी लिहिली, लायपोप्रोटीन ए. रक्त मुंबईला जाणार होतं. चार दिवसांनी मोबाईलवर रिपोर्ट आला आणि त्यातला आकडा लाल होता. असायला हवा त्याच्या चौपट.

बाईंनी समजावून सांगितलं. हे चरबीला चिकटलेलं एक प्रोटीन असतं, काहींच्या रक्तात ते जास्त असतं, आणि बाकी सगळं ठीक असलं तरी ते हृदयाच्या नसा हळूहळू बुजवत आणतं. जबडा दुखतो आहे, तेव्हा अकोल्याला जाऊन अँजिओग्राफी करून घ्या. तिथे माझा वर्गमित्रच आहे, मी फोन करते. आणि तोवर या गोळ्या.

वर्गमित्र म्हटल्याबरोबर माझे कान टवकारले. मग मला एकेक दिसायला लागलं. लॅब त्यांच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. लॅबवाला त्यांना ताई म्हणतो. जे सगळ्यांना माहीत आहे ते कोलेस्टेरॉल माझं चांगलं, आणि ज्याचं नाव आमच्या अख्ख्या जिनिंगमध्ये कोणी ऐकलेलं नाही, तेच नेमकं वाढलेलं. पायरी चढलो तेव्हा मी माणूस होतो, उतरताना गिऱ्हाईक झालो होतो. निदान मला तसं वाटलं.

खरं सांगायचं तर भीतीही वाटली होती. पण भ्यायचं कसं ते मला कधी नीट जमलं नाही. भीती वाटली की मी कोणावर तरी संशय घेतो.

खात्री करण्याची माझी रीत

जिनिंगमध्ये एखाद्या ग्रेडरवर शंका आली तर आम्ही एक गोष्ट करतो. उत्तम म्हणून ठरलेला कापूस एखाद्या बदनाम गाडीवाल्याच्या नावाने पुन्हा त्याच्यासमोर नेतो. त्याने तो हलका ठरवला, की समजायचं, हा माणूस कापूस बघत नाही, नाव बघतो.

मी तेच करायचं ठरवलं. लॅबला माझ्या नावाने दुसऱ्याचं चोख रक्त द्यायचं. आकडा खाली आला तर लॅब प्रामाणिक, मग मी मुकाट अकोल्याला जाईन. आकडा तसाच आला, तर चोरी पकडली.

चोख रक्त म्हटल्यावर मला विलास आठवला. विलास माझा धाकटा भाऊ, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. संग्रामपूरजवळच्या आमच्या गावी मिरची आणि कांदा लावतो. अंगावर मांस नाही, सुपारीचं व्यसन नाही, पाठीवर पंप घेऊन दिवसभर फवारणी करतो. बाबा गेले तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. तेव्हापासून मी सांगेन ते तो करत आला आहे. मिरची घेऊन खामगावला आला तेव्हा मी त्याला लॅबमध्ये नेऊन बसवलं.

"दादा, माह्या रक्तात काय निघन? कांद्याचं पानी," तो म्हणाला, आणि लॅबवाल्याने विचारल्यावर त्याने माझं नाव आणि माझं वय सांगितलं. आम्ही दिसायला सारखे. कोणाला काही कळलं नाही.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. आकडा लाल. माझ्याइतकाच, उलट दोन-तीन अंकांनी जास्त.

मला जो आनंद झाला तो आता सांगतानाही लाज वाटते. मी जिनिंगमध्ये सगळ्यांना मोबाईल फिरवून दाखवला. बाईंच्या गोळ्या न घेता खिशातच राहू दिल्या. शोभाला सांगितलं की बाईंनी अँजिओग्राफी हंगामानंतर केली तरी चालेल म्हटलं आहे. आणि विलासला फोन करून बजावलं, "चिठ्ठीवरचं नाव पाहून आकडा टाकतात हे लोक. तू कोनत्याच लॅबची पायरी चढू नको." तो हसला, हाव म्हणाला.

कार्डावरच्या दोन रेघा

जानेवारीत, भर दुपारी, माझा हात काखेपर्यंत एका ट्रॉलीत होता. कापूस कोरडा होता, तरी मला घाम फुटला. जबड्यातली कळ खांद्यात उतरली आणि मग छातीवर कोणीतरी कापसाची दाबलेली गठाण ठेवावी तसं झालं. उलटी झाली. गाडीवाला म्हणाला, भाऊ, सकाळचं काही बाधलं. मलाही तेच खरं वाटत होतं.

लोकांनी उचलून जवळच्या त्याच बाईंकडे नेलं. त्यांनी कार्डिओग्राम काढला, जिभेखाली गोळी ठेवली आणि बोटभर लांबीचं एक पांढरं कार्ड काढलं. त्यावर माझ्या रक्ताचे थेंब टाकायचे होते. हृदयाच्या स्नायूला मार बसला की ट्रोपोनिन नावाचं प्रोटीन रक्तात सांडतं आणि कार्डावर दुसरी रेघ उमटते, असं त्या भरभर सांगत होत्या. मला श्वास घेता येत नव्हता, आणि तशातही मी काय म्हणालो असेन? "कार्डावर माझं नाव लिहा."

बाई रागावल्या नाहीत. पेनने माझं नाव लिहिलं, कार्ड माझ्या डोळ्यांसमोर धरलं आणि तसंच धरून उभ्या राहिल्या. दुसरी रेघ हळूहळू आली. ती येताना मी पाहिली म्हणूनच मी अँब्युलन्समध्ये बसलो. नाहीतर बसलो नसतो, हे मला पक्कं ठाऊक आहे.

अकोल्याला अतिदक्षता विभागात पाच दिवस होतो. पहिल्याच दिवशी काही तासांनी पुन्हा रक्त घेतलं. ट्रोपोनिन चढतंय का ते पाहायचं होतं, आणि ते चढत होतं. मी तिथेही माझी रीत सोडली नाही. रक्त घ्यायला येणाऱ्या सिस्टरला म्हणायचो, नळीवरचं नाव दाखवा. बाकीचे वैतागायचे. एक पोक्त सिस्टर मात्र मी बोलायच्या आधीच नळी उजेडाकडे धरून माझं नाव, वय, खाट क्रमांक मोठ्याने वाचून दाखवायची, पोथी वाचावी तशी. तिची पाळी असली की मला झोप लागायची. स्टेंट टाकण्याआधी मी त्याची खोकी मागितली, तीही त्यांनी दाखवली. त्यावरचं मला काही कळलं नाही. पण सील फुटलेलं नव्हतं.

रात्रंदिवस दिवे लागलेल्या त्या खोलीत मला मरणाची भीती वाटली. यंत्राचा आवाज बदलला की मी डोळे मिटून घ्यायचो.

शोभा

तिसऱ्या दिवशी शोभा भेटायच्या वेळेत आली. माझ्या कामाच्या सदऱ्याच्या खिशात तिला गोळ्यांच्या पाकिटांची चळत सापडली होती. एकही गोळी फोडलेली नव्हती. ती पाकिटं तिने माझ्या पोटावर ठेवली.

"रोज इचारत होती मी, घेतली काय म्हनून. रोज हाव म्हने तुमी," ती म्हणाली. "डॉक्टरवर भरोसा नव्हता ते समजलं. मले काऊन फसवलं?"

तिने पाकिटं परत पिशवीत घातली आणि वेळ संपेपर्यंत खुर्चीवर बसून राहिली. पुढे पंधरा दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. गोळी हातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत घशाकडे बघायची. आजारपणात घरच्यांचा आधार वगैरे लोक लिहितात. आधार होता, पण तो असा होता.

डॉक्टरांचा प्रश्न

घरी सोडायच्या आदल्या दिवशी अकोल्याचे डॉक्टर, म्हणजे तो वर्गमित्र, सगळे कागद घेऊन बसले. वडील कशाने गेले, असं त्यांनी विचारलं.

आमच्या घरात याचं उत्तर तयार होतं. बाबा शेहेचाळीसाव्या वर्षी गेले. त्याच गावात राहणाऱ्या आमच्या चुलत काकांच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, काकांशी वाद चालू होता, तरी बाबा जेवायला गेले. घरी आले, घाम फुटला, उलटी झाली, छातीला हात लावून ओसरीत आडवे झाले ते झालेच. वाढलं होतं काकूने. आईने त्याच दिवशी सांगून टाकलं की काकूने खाऊ घातलं, म्हणजे जेवणातून विष दिलं. मी तेव्हा एकवीस वर्षांचा. मीच ते गावभर केलं, मीच विलासला सांगितलं. काकांच्या घरचं पाणी आम्ही तोडलं, ते आजतागायत. आई गेली तेव्हाही त्या घरचं कोणी दारात येऊ दिलं नाही.

"कोणीतरी खाऊ घातलं त्यांना," मी डॉक्टरांना सांगितलं.

ते हसले नाहीत. काय काय झालं ते खोदून विचारलं. मग म्हणाले, "मी त्यांना पाहिलेलं नाही, शपथेवर नाही सांगणार. पण घाम, उलटी, छातीत कळ. हे सगळं तुम्हालाही झालं. तुम्हाला कोणी काय खाऊ घातलं होतं?"

मग त्यांनी लाल आकडा दाखवला. हे प्रोटीन खाण्यापिण्याने वाढत नाही, जन्मतः असतं, आईबापाकडून येतं. दोन वेळा तपासलंय तुम्ही, दोन्ही वेळा तेवढंच. भावंडं असतील तर त्यांची तपासणी करून घ्या, लवकर.

दोन वेळा. त्यातलं एक माझं नव्हतं.

एकाच शेतातल्या, एकाच बियाण्याच्या दोन गाड्या मी शेजारी उभ्या केल्या होत्या, आणि दोन्ही सारख्या निघाल्या म्हणून तराजूवाल्याला चोर ठरवलं होतं. आणि डॉक्टर हे सांगत होते तेव्हा विलास बाहेर बाकावर बसला होता. पाच दिवस तोच खाली-वर करत माझी औषधं आणत होता. आदल्याच दिवशी तो जिन्याच्या वरच्या पायरीवर कठड्याला धरून उभा होता, मी काचेतून पाहतोय हे कळल्यावर आत येऊन म्हणाला, पंपाने खांदा धरला आहे.

मी त्याला लगेच सांगितलं नाही. हे लिहायला सगळ्यात जड जातंय. दीड दिवस मी गप्प राहिलो, कारण सांगितलं असतं तर मी मूर्ख ठरलो असतो, शोभासमोर, त्याच्यासमोर. दीड दिवस माझ्या भावाच्या जिवापेक्षा मला माझी शान मोठी वाटली.

कोणता आकडा खरा

खामगावला घरी पोचल्यावर सांगितलं. तो चहा पीत नाही, म्हणून शोभाने त्याला दूध दिलं होतं. पेला हातात धरून त्याने सगळं ऐकलं.

"दादा, तवा तूच म्हने, नाव पाहून आकडा टाकतात. आता म्हनतं तो आकडा माहाच आहे अन् खरा आहे. कोनता धरू मी?"

मी बोलत गेलो, तो ऐकत गेला, आणि मिरची तोडायला आली आहे म्हणून निघून गेला. तीन आठवडे फोन उचलला नाही. त्याची बायको शोभाला फोन करून सांगायची, हे अर्धी ओळ फवारून पंप खाली ठेवतात आणि बसतात. विचारलं की म्हणतात, डॉक्टरांचं दादाला विचार, सगळे चोर आहेत ते. मी पेरलं ते एवढं पक्कं रुजलं होतं. माझं आतापर्यंत कोणी एवढं ऐकलं नव्हतं आणि आता तेच नडत होतं.

प्रवासाची परवानगी मिळाली त्याच दिवशी मी आणि शोभा गावी गेलो. विलास शेतात होता. मी त्याच्यासमोर हात जोडले. धाकट्या भावासमोर हात जोडायला मला काही वाटलं नाही, तोवर माझं सगळं उतरलं होतं.

तो मिरचीच्या झाडाकडे वळला. मग म्हणाला, "बाबाले काकूनं खाऊ घातलं, हे मले कोनी सांगतलं? तू. एकतीस वर्ष तिच्या दारावरून तोंड फिरवून जातो मी. आता म्हनतं बाबाचं रक्तच तसं होतं. खरं असंन तं पयले तिले जाऊन सांग. तिले सांगाची हिंमत झाली, तं मी समजीन तुले सोताले पटलं. मंग देतो रक्त. कितीकबी घे."

काकूची ओसरी

काका जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. काकू ऐंशीच्या घरात. ओसरीवर लसूण सोलत बसली होती. मी फाटक उघडलं तेव्हा तिने मला ओळखलं आणि हातातली पाकळी तशीच धरून राहिली. विलास फाटकाबाहेर थांबला. आतून सुनेच्या भांड्यांचा आवाज येत होता, तो बंद झाला.

मी उभ्यानेच सांगितलं. मला झटका आला, तो रक्तातल्या एका प्रोटीनमुळे, ते जन्मतः असतं, विलासच्याही रक्तात आहे, बाबांच्याही असणार. बाबा त्यानेच गेले. तू काही केलं नव्हतंस, काकू. आम्ही चुकलो. मी चुकलो.

ती रडेल, शिव्या देईल, हाकलून देईल, असं काही मी धरून गेलो होतो. तिने लसणाची पाकळी सुपात ठेवली.

"बाबू, मले तं वाटे, म्याच खाऊ घातलं असंन," ती म्हणाली. "सारा गाव म्हनत होता. मंग माह्याच मनात आलं. फवारनीच्या औषधाचा डबा तवा माजघरात राहे. त्या दिवशी मी हात धुतले होते का नव्हते. एकतीस वर्ष तेच आठवून राह्यली मी."

मी खाली बसलो. काखेपर्यंत हात खुपसून मी लोकांच्या गाड्यांतलं काय काय ओढून काढलं आहे. या बाईच्या मनात मी काय घालून ठेवलं होतं, ते मला कधी दिसलं नाही.

विलास केव्हा आत आला कळलं नाही. तो काकूच्या शेजारी टेकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "सकायी किती वाजता उघडते ती लॅब?"

आम्ही उठलो तेव्हा काकूने माझी बाही धरली. आतल्या दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "हे कागदावर लिवून भेटन काय? सून नातवायले माह्या हातचं खाऊ देत नाही."

दोन प्रती

विलासने दुसऱ्या दिवशी रक्त दिलं. आकडा तोच. अँजिओग्राफीत दोन नसा बुजत आलेल्या निघाल्या, त्यातली एक अशी की डॉक्टरांनी त्याला घरी जाऊ दिलं नाही. दोन स्टेंट पडले. आता तो मिरचीच्या ओळी पुऱ्या करतो, पंप मात्र गड्याकडे दिला आहे. आम्हा दोघांच्या मुलांचीही तपासणी झाली. माझ्या मुलीत ते प्रोटीन आहे, विलासच्या मुलात नाही.

शंका मी आजही घेतो. गोळीच्या पाकिटावरची तारीख बघतो, नळीवरचं नाव वाचून घेतो. तुम्हीही घ्या, त्यात काही वाईट नाही. फक्त ती डॉक्टरांच्या तोंडावर बोलून घ्या. मी बाईंना एकदा जरी स्पष्ट म्हटलं असतं की मला तुमचा भरोसा वाटत नाही, तर त्यांनी पहिला प्रश्न वडिलांचाच विचारला असता. त्यांनीच मला नंतर सांगितलं तसं.

विलासचा रिपोर्ट आला तेव्हा मी त्याच्या दोन प्रती काढल्या. एक फायलीत गेली. दुसरीच्या खाली मी बाईंकडून चार ओळी मराठीत लिहून घेतल्या, हा दोष जन्मतः असतो, या दोघा भावांना तो वडिलांकडून आलेला दिसतो, त्यांचा मृत्यू खाण्यातून झाला असं मानायला काही कारण दिसत नाही, आणि खाली सही-शिक्का. तो कागद घेऊन आम्ही दोघे भाऊ काकूकडे गेलो.

काकूला वाचता येत नाही. तिने कागद हातात धरून थोडा वेळ पाहिला, शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि सुनेला हाक मारली. सून बाहेर आली, तिच्या मागे दोन नातवंडं. काकूने कागद तिच्या हातात दिला.

"मोठ्यानं वाच," ती म्हणाली.